मान धरेपर्यंत

वैशाख सरत आला होता, तरी ऊन हटायचं नाव घेत नव्हतं. त्या दिवशी हिंदुराव सकाळीच पिशवी घेऊन गोवऱ्या आणायला निघाले. घरात नात आली होती. तिच्या अंघोळीचं पाणी चुलीवरच तापलं पाहिजे आणि अंघोळीनंतरची धुरी गोवरीच्या विस्तवावरच दिली पाहिजे, असं ईरम्माचं सांगणं होतं. ईरम्माचं सांगणं त्या घरात कुणी मोडत नसे.

हिंदुराव मूळचे माढ्याकडचे. सगळा जन्म सोलापूरच्या मार्केट यार्डात ज्वारीची पोती वाहण्यात गेला. मुलगा युवराज चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला लागला, तसं केगावात दोन खोल्यांचं घर झालं, मागं पत्र्याच्या आडोशाची न्हाणी झाली. बायको बजाबाई हे बघायला राहिली नाही. सुनेला, अंकितालाही आई नव्हती, म्हणून तिचं बाळंतपण सासरीच झालं. तेही पोट उघडून. तिला धड खाली बसता येईना, मग न्हाऊ घालायला बाई बघितली. तीच ही ईरम्मा. अक्कलकोटाकडची, बोलण्यात निम्मी कानडी, हात पाण्यात राहून राहून पांढरे पडलेले.

ती भर दुपारी बाराच्या ठोक्याला यायची. न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं वर खोचून पाय लांब करायची आणि पोरीला नडगीवर घ्यायची. उजव्या हातानं पाणी, डावा हात मानेखाली. तो डावा हात अंघोळ संपेपर्यंत जागचा हलत नसे. पोर रडली की हळूच म्हणायची, "सुम्मनिरू... सुम्मनिरू..." म्हणजे गप राहा. आणि पोर खरोखर गप व्हायची.

हिंदुराव दारात उभे राहून बघायचे. नातीला घ्यावं असं फार वाटायचं, पण धीर व्हायचा नाही. उजव्या हाताला कंप होता. चहाची बशी तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा सदऱ्यावर. एकदा ईरम्मानं टोकलंच त्यांना.

"अज्जा, क्विंटलची पोती उचलली म्हणता. ह्ये एवढंसं वझं उचलंना व्हय?"

"पोत्याला मान नसती," हिंदुराव म्हणाले. "मान धरू दे पोरीला, मग घेतो."

तिनं हसत हसत दाखवलं तरी. बोटं पसरून तळवा मानेखाली घालायचा, डोकं बोटांवर आणि मान तळव्यात. दुसरा हात कुल्ल्याखाली. उचलताना आधी डोकं, मग अंग. झटका द्यायचा नाही, घाई करायची नाही. मग म्हणाली, "न्हाय जमलं तरी भ्या नगा. मान धरंपतोर मी हाय की. मी धरलेली मान मधी सोडत न्हाय."

तर त्या दिवशी हिंदुराव गोवऱ्या घेऊन आले, चूल पेटली, पाणी उकळलं, उकळून आटलं. ईरम्मा आली नाही. युवराजनं फोन लावला, तो बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. युवराज चिडला. मोठ्या घरचं बाळंतपण मिळालं असेल बाईला, म्हणाला, आणि पुढच्या गल्लीतल्या निंगव्वाला सांगून आला.

निंगव्वा बोलायला फटकळ, पण कामाची. न्हाणीत शिरण्याआधी तिनं अंकिताला एकच विचारलं. आधीच्या बाईच्या हातावर पाणी घातलं का? या बायकांची ती रीतच होती. बाळानं मान धरली, बाईचं काम संपलं, की बाळाच्या आईनं तिच्या दोन्ही हातांवर हळदीचं पाणी घालायचं आणि आपल्या पदरानं ते पुसायचे. मगच ते हात मोकळे. मधेच बाई बदलली तरी पाणी आधी. पाणी घातलं नसेल तर दुसरी बाई त्या बाळाला शिवत नसे.

अंकिताला हे ठाऊक होतं. पण नाही म्हणावं तर हीसुद्धा निघून जाईल, आणि पोरगी तशीच पारोशी राहील. ती म्हणाली, घातलं. एवढ्याशा शब्दानं काय बिघडतंय, असं तिला वाटलं.

निंगव्वानं पोरीला नडगीवर घेतलं, तेल चोळलं, आणि पालथी करायला उचललं. उचलताना तिची भुवई जराशी वर गेली. दारातून हिंदुरावांनी ते बघितलं. पोरीचं डोकं मागं पडलं नाही. निंगव्वाचा हात पोचायच्या आधीच डोकं सरळ होतं, कुणीतरी खालून झेललं असावं तसं.

"लवकरच मान धरतीय की वो तुमची पोर," निंगव्वा म्हणाली. पण हसली नाही.

दोन-तीन दिवस तिनं निभावलं. दुपारी बारा वाजले की पोरीची मान ताठ व्हायची आणि दिवेलागणीला सैल पडायची. नुसती ताठ असती तरी चाललं असतं. पण अंकिता पाजायला घ्यायची तेव्हा डोकं छातीकडं वळायचंच नाही. पोर ओठ पुढं करायची, भुकेनं कळवळायची, आणि मान मात्र मागं, न्हाणीच्या बाजूला वळलेली. मग एका दुपारी मानेवर निळसर वण दिसले. एका अंगाला चार, दुसऱ्या अंगाला एक.

युवराजनं निंगव्वाला वाटेल तसं बोलून घेतलं. ती पोरीच्या मानेवरचे वणच बघत होती. सकाळीच सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पोरीला आडवी-उभी करून तपासलं. मान वयाला शोभेल अशी लुळी होती, पोर तिथंच घटाघटा प्याली. वण बघून बाई गंभीर झाल्या, बाळाला कोण कसं हाताळतं ते विचारलं, उचलायचं कसं ते पुन्हा दाखवलं. अगदी ईरम्मानं दाखवलं होतं तसंच. दूध तुटलं तर लगेच भरती करायचं, असं बजावलं.

परत येताना रिक्षात बारा वाजले. अंकिताच्या तळव्यावर पोरीचं डोकं होतं. रिक्षा उड्डाणपुलावरून उतरत असताना तळव्यावरचं ते ओझं हलकं झालं. तिनं हळूच हात काढून घेतला. डोकं तिथंच राहिलं, अधांतरी... ती सासऱ्यांकडं बघत राहिली. हिंदुरावांनी पोरीच्या अंगावर फडकं ओढलं, रिक्षावाल्याला दिसू नये म्हणून.

त्या दिवशी निंगव्वानं पोरीच्या अंगावर पाणी घातलं मात्र, आणि तिचा हात थांबला. तिचं तोंड राखेसारखं झालं. पोरीला तिनं अलगद पाटावर ठेवलं आणि पाय गोळा करून उठली.

"खरं सांग पोरी," ती अंकिताला म्हणाली. "पाणी घातलं न्हवतंस ना?"

अंकिता पोरीला उचलून घ्यायला वाकली.

"माज्या हाताखाली हात हाय... गार. आज तिनं माजं बोट बाजूला सारलं."

आपण आता या पोरीला शिवणार नाही, असं ती म्हणाली. ईरम्माला शोधा आणि तिच्या हातावर पाणी घाला. पण ती सोडेल तेव्हा मान एकदम पडेल, त्या क्षणाला खाली हात हवा, आणि तो घरचा हवा. आईचा चालणार नाही, कारण आईनं पाणी घालायचं.

ऊन कललं तसे हिंदुराव ईरम्माच्या वस्तीत गेले. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई निवडत बसली होती, तिनं सूप बाजूला ठेवलं. ईरम्मा गेली, म्हणाली. हमरस्त्याच्या कडेला उन्हाचा झटका बसून पडली. पदराला ओवा-वावडिंगाची पुरचुंडी होती, कुठल्याशा बाळंतिणीकडं निघालेली. पुतण्यानं गावाकडं नेऊन त्यांच्या रीतीनं बसवून पुरलं. मग ती बाई थोडी घुटमळली.

"डावा हात मातूर मिटंना बगा. असा वाटीसारका उताणा. लई दाबला... तसाच मांडीवर ठिवला."

हिंदुराव चालत घरी आले. दिवेलागण होऊन गेली होती. पोरीची मान अजून ताठ होती. त्या रात्री ती सैल पडलीच नाही. सकाळी पोर रडायचीही थांबली, नुसती ओठ हलवत होती.

युवराजला बापाचं बोलणं पटलं नाही. डोकं फिरलंय का आबा, म्हणाला. दवाखान्यात भरती करायची म्हणून तो गाडी बघायला बाहेर पडला. येईपर्यंत दुपार होणार होती.

हिंदुरावांनी चूल पेटवली. पाणी कोमट झालं तसं तांब्यात हळद कालवली. मग न्हाणीत जाऊन पाटावर बसले, धोतर वर खोचलं आणि पाय लांब केले. अंकितानं पोरीला त्यांच्या नडगीवर ठेवलं. पोत्यांनी घट्टे पडलेला त्यांचा उजवा हात लटलट कापत होता.

"मामा... पडंल हो," अंकिता सासऱ्यांना म्हणाली.

"बोटं पसरायची," ते स्वतःशीच म्हणाले. "डोकं बोटावर. मान तळव्यात." आणि त्यांनी हात मानेखाली घातला.

तिथं जागा नव्हती. एक हात आधीच होता. दिसत नव्हता. गार, ओला, पाण्यात भिजून सुरकुतलेला. हिंदुरावांनी आपला तळवा त्याच्या खाली नेऊन लावला. पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. पोर बुबुळं फिरवून त्यांच्याकडं बघत होती.

"घाल पानी," ते म्हणाले.

अंकितानं तांब्या कलता केला. पिवळं पाणी पोरीच्या मानेपाशी आलं, पण खाली पडलं नाही. ते हवेत तिरकं वाहत गेलं, मनगटावरून वाहावं तसं, आणि हातभर लांब जाऊन एका जागी थेंब थेंब गळायला लागलं. कोपर असतं, त्या जागी. अंकितानं डोळे मिटून घेतले, पण पाणी थांबवलं नाही.

तांब्या रिकामा झाला. हात तसाच होता.

"पुस," हिंदुराव म्हणाले. "पदरानं पुस."

अंकितानं खाली बघितलं. बाळंतपणापासून तिच्या अंगावर गाऊन होता. पदर कुठला? लुगडं आणायला ती वळली, तेवढ्यात मानेवरची बोटं आवळली गेली. पोरीच्या घशातून बारीकसा आवाज आला आणि ओठ काळे पडायला लागले.

हिंदुरावांनी खांद्यावरचा टॉवेल डाव्या हातानं ओढला आणि त्या न दिसणाऱ्या हातावरून फिरवला. मनगटावरून, बोटांवरून, सावकाश, पोरीला पुसावं तसा. आणि अगदी खालच्या आवाजात बोलले.

"ईरम्मा... तू बोलल्यालं खरं केलंस. आता पोर सोड. तुजी अंगुळ ऱ्हायली न्हाय, काई ऱ्हायलं न्हाय..." हात सुटला नाही. म्हातारा पोरीवर वाकला. "मान धरल्याबिगर तुला ऱ्हावत नसंल, तर माजी धर. माजी बी आता सुटायलाच आलीय."

क्षणभर पत्र्याचं वाजणंसुद्धा थांबल्यासारखं झालं. मग नातीचं डोकं त्यांच्या तळव्यात पडलं. केवढंसं ते, पण शंभर पोत्यांचं वजन आल्यासारखा हात खाली गेला, आणि थांबला. बोटं पसरलेली होती. डोकं बोटांवर, मान तळव्यात. हात कापत नव्हता.

पोर कडाडून रडली. अंकितानं तिथंच, ओल्या फरशीवर बसून तिला छातीशी घेतलं, टाक्यांची पर्वा केली नाही. पोरीनं मान वळवली आणि पिऊ लागली. युवराज गाडी घेऊन आला तेव्हा मायलेकी दोघी झोपलेल्या होत्या. तरी त्यांना दवाखान्यात नेलंच. सगळं ठीक होतं.

पुढं बारसं झालं, पोरीचं नाव सृष्टी ठेवलं. तिनं यथावकाश, सगळी पोरं धरतात तशी मान धरली. हिंदुरावांच्या हाताचा कंप त्या दिवसापासून गेला तो गेला. आता ते बशीतला चहा थेंब न सांडता पितात, आणि नातीला अंगाखांद्यावर खेळवतात. लोक म्हणतात, नातीनं म्हाताऱ्याला बरं केलं.

फक्त त्यांनी उशी घ्यायची सोडली. लागत नाही, म्हणतात. दुपारी जेवून ते पुढच्या खोलीत चादर अंथरून पडतात. एकदा बाराच्या सुमाराला अंकिता पाणी प्यायला उठली आणि दारातच थांबली. मामा शांत झोपले होते. त्यांचं डोकं चादरीपासून वीतभर वर होतं.

ती पाणी न पिताच मागं फिरली.  अलीकडं दिवसा त्यांची मान जरा जरा कलायला लागली आहे, आणि झोपेत ते कुणीतरी गप केल्यासारखे मधेच कण्हायचे थांबतात.

चादर अंकिता दर आठवड्याला धुते. साबण लावते, ब्रशानं घासते, कडक उन्हात वाळत घालते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा त्याच जागी, उशी असायला हवी तिच्या जरा बाजूला, कोपर टेकल्याएवढा हळदीचा ओला डाग असतो.