नळीतला श्वास

लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली त्या कारखान्यात यायच्या त्या नवा जन्म घ्यायला. पोलिसात भरती झालेल्या कोवळ्या पोरांना नेम शिकवायचा, तर बंदूक हलक्या गोळीची हवी. म्हणून जुनी नळी आतून कोरून रुंद करायची, तिच्यात बारीक भोकाची नवी नळी ठोकून बसवायची आणि डाख देऊन जोड पक्का करायचा. “वाघाचं मांजर करतो आपण,” असं उस्ताद म्हणायचे. कोरण्याचं यंत्र त्यांच्याकडे होतं.

उस्तादांचा धाकटा भाऊ लढाईवर गेला तो गेलाच. ना देह आला, ना निरोप. म्हातारी आई अजून दाराला कडी लावू देत नसे. कारखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उस्ताद घरचं घरी ठेवणारे.

एकदा भर दुपारी वीज गेली. यंत्रं थांबली. तापलेला पत्रा तेवढा वर तडतडत होता आणि तेलाचा जळका वास जागच्या जागी साचून राहिला होता. बंदुकांचे लाकडी दस्ते घासायला एक बाई नुकतीच कामाला लागली होती. ती एका रायफलीच्या तोंडाशी कान लावून उभी होती.

“उस्ताद, जरा इकडे या. हिच्यात कुणीतरी आहे.”

“भाडं देतोय ना? मग राहू दे.”

बाई हसली नाही. “श्वास घेतोय... लांबून धावत आल्यासारखा. काहीतरी विचारतोयसुद्धा. ऐका तरी.”

“वारा असेल. नळी म्हटली की वारा आलाच.”

तेवढ्यात वीज आली. कान लावायला असा कितीसा वेळ लागला असता? पण उस्तादांनी रायफल बाईच्या हातातून घेतली, नळी सोडवली आणि यंत्राला लावली. पातं आत शिरलं. मध्येच ते चाचरलं, कुणी आतून धरून ठेवल्यासारखं. उस्तादांनी दाब वाढवला. लोखंडाचा कीस भुरभुरत खाली पडला. मग नवी नळी बसली, डाख बसला, काम फत्ते.

चहाच्या वेळी बाईने कप तसाच बाजूला सारला.

“अजून रुसवा गेला नाही वाटतं?” उस्ताद म्हणाले.

“रुसवा कसला? तो सारखं एकच विचारत होता. तेच डोक्यातून जात नाही.”

“काय विचारत होता?”

“‘दादा... आई जेवली का?’”

उस्तादांच्या हातातली बशी कलंडली. धाकटा कुठूनही घरी आला, की उंबऱ्यातूनच हे विचारायचा. आधी हे, मग चपला काढायच्या.

ते धावत आत गेले. नळी तापवून डाख वितळवला, नवी नळी ओढून काढली, पोळल्या हातांनी जुनी नळी कानाशी धरली. आत काही नव्हतं. वारासुद्धा नव्हता. आतलं जुनं लोखंड त्यांनी स्वतःच खरवडून काढलं होतं.

“बाळ, कुठे आहेस रे?” ते नळीत कुजबुजले. “एवढं सांग... आईला सांगतो मी.”

मग ते गुडघ्यांवर बसून जमिनीवरचा कीस गोळा करू लागले. पण झाडणाऱ्याने केव्हाच सगळ्या रायफलींचा कीस एका ढिगात लोटला होता. कोणता कुणाचा, कसं कळावं? बाई शेजारी येऊन बसली. तीही कीस वेचू लागली.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, “हाताला काय झालं रे?”

“भाजला,” ते म्हणाले. त्यापुढे त्यांना कधीच काही सांगता आलं नाही. आई गेली तीही दाराकडे बघत.

रायफल पुन्हा जोडून पोलिसांकडे गेली. बऱ्याच दिवसांनी नेमबाजी शिकवणारा हवालदार ती घेऊन आला.

“बिघडली का?” उस्तादांनी विचारलं.

“छे, नेम अगदी सरळ. पण साफ करायला चिंधी घातली, की दरवेळी हे निघतं.” त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. “आमच्या मैदानात सगळा मुरूम हो. आणि हिच्या नळीत करंगळीसुद्धा जात नाही.”

उस्तादांनी पुडी उलगडली. आत गवताचं एक लांब पातं होतं. हिरवंगार, दवाने ओलं, नुकतंच कुणी पडता पडता मुठीत धरून उपटल्यासारखं.