निरोप भलत्याच फोनवर

दातांच्या दवाखान्यात खुर्च्या सहा, माणसं तीन आणि दुखरा दात एकही नाही. एक सासूबाई, एक मामा आणि ती. तिघांनाही फोनवर निरोप आला होता – आज दात काढायचा आहे, वेळेवर या.

"माझी तर कवळी आहे!" मामा पुरावा काढून दाखवायला निघाले.

"नको, नको!" तरुण डॉक्टर धावत बाहेर आला. "निरोप पेशंटऐवजी नातेवाइकांना जातायत. मित्रानं प्रोग्राम लिहून दिला, आता फोन उचलत नाही."

"माझा धाकटा भाऊ घरी गाल धरून बसलाय," ती म्हणाली. "मी प्रोग्रामर आहे. बघू का?"

तो हसला. दातांच्या डॉक्टरचं हसणं छानच असणार, त्यात काय विशेष... असं तिनं स्वतःला बजावलं. उपयोग झाला नाही.

त्यानं पुढे केलेला लॅपटॉप तिनं उघडला. "पेशंटची माहिती JSON नावाच्या साच्यात जाते. म्हणजे माहितीचे डबे, आणि प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. इथे पेशंटच्या नंबरालाही 'फोन' नाव आणि नातेवाइकाच्याही. दुसरा आला की पहिला बाहेर."

"म्हणजे खुर्ची एकच, आणि मामा जाऊन बसले."

"अगदी! नावं वेगळी केली की झालं. लगेच होईल."

बोलली आणि जीभ चावली. काम संपलं की इथे पुन्हा यायला कारणच उरणार नव्हतं. तिचे दात दुर्दैवानं उत्तम होते. ती एका बोटानं टाइप करू लागली.

"चाचणीसाठी पेशंट म्हणून तुम्हालाच घालतो," काउंटरवरच्या कॉम्प्युटरमागून तो म्हणाला. "तुमचा नंबर?... आणि नातेवाईक भाऊच ना?" मग बराच वेळ काहीतरी लिहून, खोडून, त्यानं बटण दाबलं.

"अहो, थांबा! मी अजून सेव्ह—"

तिचा फोन वाजला. भाऊ.

"तायडे," सुजलेल्या गालातून आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "माझी दाढ काढायची सोडून हा डॉक्टर मला शनिवारी कॉफीला का बोलावतोय?"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. सासूबाईंनी मासिक खाली ठेवलं.

"निरोप... चुकीच्या माणसाला गेला," तो पुटपुटला. "पण बरोबर माणसाला कळलाच की."

"छे! बग असताना घेतलेली चाचणी धरत नाहीत." तिची दहाही बोटं आता सरसर चालली. "हं, झालं सेव्ह. पाठवा पुन्हा. तोच... एक अक्षरही न बदलता."

त्यानं पाठवला.

चाचणी दुसरी. भावाच्या फोनवर निरोप – शून्य. तिच्या फोनवर – एक. होकार – चार सेकंदांत.