आत माणूस आहे

गाडी भंगारात द्यावी की तिचं इंजिन आपणच बदलावं, यावर आमच्या घरी पाडव्यापासून खल चालू होता. गाडी तेरा वर्षांची, पण पत्रा खणखणीत, गंजाचा ठिपका नाही. गेलं होतं फक्त इंजिन, तेही माझ्या हलगर्जीपणाने. रेडिएटरमधलं पाणी संपलेलं मी पाहिलंच नव्हतं. माझ्या बायकोचं, मृदुलाचं, म्हणणं होतं की देऊन टाका आणि मोकळे व्हा. पण आमच्या मुलीला, सुखदाला, माण गावातल्या एका कंपनीत नोकरी लागली होती. ती याच गाडीवर शिकलेली, आणि मोशीहून माणपर्यंत रोज बस बदलत जायचा तिला भारी कंटाळा. मी ठरवलं, इंजिन बदलायचं आणि स्वतः बदलायचं. माझी पोर जी गाडी चालवणार, तिचा एकूण एक बोल्ट माझ्या हाताने आवळलेला हवा.

मी मुकुंद. चाकणच्या एका कंपनीत तेवीस वर्षं मेंटेनन्स बघतो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी एक नियम मीच शिकवतो. मशीनच्या आत कामाला जाणाऱ्याने आपलं लाल कुलूप मशीनला लावायचं, त्याला नाव, फोटो आणि वेळ लिहिलेला टॅग अडकवायचा, किल्ली खिशात ठेवायची. ते कुलूप दुसऱ्या कुणी काढायचं नाही. काढायची वेळच आली, तर मशीनभोवती फिरून तीन हाका मारायच्या आणि तो माणूस बाहेर उभा असलेला आपल्या डोळ्यांनी पाहायचा. आत असताना कुणी मशीन चालू करतंय असं वाटलं, तर आतून तीनदा ठोकायचं. 'आत माणूस आहे', एवढाच त्याचा अर्थ. या नियमापायी मी चांगल्या चांगल्या माणसांना घरी बसवलंय. लहानपणी सुखदासुद्धा बाथरूमच्या दारावर आतून तीनदा ठोकायची आणि खिदळायची.

इंजिन मिळालं कुदळवाडीत, करीमभाईंच्या भंगाराच्या दुकानात. चाकणची एक कंपनी बंद पडली होती. तिच्या ट्रेनिंग रूममध्ये कामगारांना शिकवायला ठेवलेलं हे इंजिन लोखंडी स्टँडसकट आलेलं. आमच्याच मॉडेलचं, रस्ता न पाहिलेलं. तेलात बोट बुडवलं तर तेल मधासारखं स्वच्छ. फक्त इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या भोकातून एक लाल कुलूप घातलेलं होतं आणि त्याला टॅग. फोटोत पस्तिशीचा, निळ्या शर्टातला माणूस. नाव, धनेश. आत गेल्याची वेळ ११:२०. बाहेर आल्याची वेळ कोरी.

"साहेब, हे मी कापणार नाही," करीमभाई म्हणाले. "ज्याचं आहे त्याला विचारा."

मला हसू आलं. ट्रेनिंग रूममधलं कुलूप, सरावासाठीच लावलेलं असणार. आणि मारून मुटकून बसवला तरी इंजिनात माणूस मावतो कुठे? रविवारी आमच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये मी ते कटरने कापलं. हाका मारल्या नाहीत. तुकडे आणि टॅग कचऱ्यात गेले.

काम चार रविवारांचं होतं. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर मी पिवळ्या रंगाची रेघ ओढतो, म्हणजे तो हलला तर कळतं. दुसऱ्या रविवारी इंजिनाच्या तळाच्या सहा बोल्टांवरच्या रेघा सरकलेल्या दिसल्या. सगळ्या सारख्याच, अर्ध्या फेऱ्याने. मी वयाला दोष दिला आणि पुन्हा आवळले. पुढच्या रविवारी तेच. इंजिन अजून एकदाही चालू झालेलं नव्हतं, त्यामुळे थरथरीने सैल झाले असं म्हणायचीही सोय नव्हती.

त्याच संध्याकाळी हत्यारं मोजली. माझे पाने बत्तीस. मोजले तर तेहेतीस. जास्तीचा पाना जुना होता, दांड्याला निळी टेप गुंडाळलेली. पोर्चमध्ये ऊन येत नाही, तरी तो कोमट होता, आत्ताच कुणीतरी हातातून ठेवल्यासारखा. मी तो कोपऱ्यात टाकला आणि हात साबणाने धुतले. कशासाठी, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

चौथ्या रविवारी सगळं जोडून झालं. सुखदा हौसेने सीटवर बसली, किल्ली घातली आणि थांबली.

"बाबा, तुम्ही ठोकलंत का?"

मी फाटकापाशी होतो. गाडीपासून चांगला दहा फूट. तिला म्हटलं, पुन्हा घाल. तिने किल्ली काढून घातली. बॉनेटखालून आवाज आला. ठक, ठक, ठक. घाई नाही, जोर नाही.

किल्ली फिरवली की इंजिन झकास चालू व्हायचं. आवाज त्याच्या आधी येत होता, काहीही हलत नसताना. मी बॅटरी सोडवली, इंजिनाखालचे रबरी पाय तपासले, कान लावून बसलो. बॅटरी सोडलेली असतानाही किल्ली घातली की ठोकलं जायचं. तेव्हा मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू, तेवीस वर्षांत मशीनची वाटली नव्हती इतकी वाटली. सुखदाला बजावलं, या गाडीला हात लावायचा नाही. ती हसली. बॅटरी पुन्हा जोडायची गरज नव्हती, पण मी जोडली. सवय.

शनिवारी अर्धी सुट्टी टाकून मी त्या बंद कंपनीत गेलो. गेटवर धोंडीबा नावाचे म्हातारे वॉचमन होते. त्यांनी आधी वही पुढे केली. मी नाव लिहिलं, आत गेल्याची वेळ लिहिली ३:४०, सही केली. मग ते मला ट्रेनिंग रूममध्ये घेऊन गेले. जमिनीवर स्टँडची चार भोकं तेवढी उरली होती.

मी धनेशचं नाव काढलं. त्यांनी त्या भोकांकडे बोट दाखवलं.

"रयवारचा आला हुता. वहीत आतली सही हाय, भाईरची न्हाई. मी गेटावरच हुतो. भाईर गेला न्हाई, अन् आत कुठं घावलाबी न्हाई. घरची मान्सं वरीसभर चकरा मारत हुती."

"आणि कुलूप?"

"कुनी कापलं न्हाई. त्यो यील म्हनून." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कापलं व्हय?"

तेवढ्यात सुखदाचा फोन आला.

"बाबा, रागावू नका हं. गाडी माणपर्यंत नेऊन आणली, मस्त चालली. आज ठोकलंच नाही. आणि घरी तुमच्या कंपनीतले एक काका आले होते. निळा शर्ट, हाताला तेल. कुलूप कोणी कापलं विचारत होते. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांचा तो टेपवाला पाना घेऊन गेले."

मी पळत सुटलो. मागून धोंडीबा ओरडत होते, सायेब, भाईरची सही ऱ्हायली. मी थांबलो नाही. डोळ्यांपुढे फक्त पोर होती.

पोर्चमध्ये गाडी उभी होती. बॉनेट गरम होतं. पुढच्या जाळीला एक लाल कुलूप होतं.

टॅगवर फोटो माझा होता. नाव मुकुंद. आत गेल्याची वेळ ३:४०. बाहेर आल्याची वेळ कोरी.

पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. नाव माझं होतं, तिचं नव्हतं.

घरातून सुखदा बाहेर आली. तिने गाडीभोवती फेरी मारली. "बाबा," तिने हाक मारली.

मी ओ दिली.

तिने आणखी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा मी ओ दिली, दुसऱ्या वेळी घसा ताणून. ती माझ्या अंगावरून पुढे गेली.

मग ती गाडीत बसली आणि तिने किल्ली घातली.

मी बॉनेटवर तीनदा ठोकलं.

"आई," सुखदा दाराकडे वळून म्हणाली, "बाबांचा फोन लागत नाहीये, मी बघून येते. आणि ऐक ना, परत ठोकतंय."