छबुबाईच्या गाठीची बातमी

छबुबाईनं आरोग्य कार्ड टेबलावर इतक्या जोरात आपटलं, की चहाचा कप बशीत आडवा झाला.

"घ्या तुमचं कार्ड! तुमी सांगितलं व्हतं, कुनाला काय कळणार न्हाई. सांगितलं व्हतं का न्हाई, वकीलबाई?"

ॲड. कौशल्या तांदळे चहा पुसायच्या भानगडीत पडली नाही. सांगितलं होतं. दसऱ्याआधी शिरूर कासारच्या आरोग्य संस्थेनं एका टोळीतल्या साठ ऊसतोड बायकांची तपासणी ठेवली, तेव्हा हिनंच माईक हातात घेऊन सांगितलं होतं. तुमचा रिपोर्ट तुमचा. डॉक्टर सोडून कुणी बघणार नाही. बीडच्या कोर्टात तिची ओळखच तशी: दवाखान्यांची सॉफ्टवेअरं, त्यांचे करार, रुग्णांची गुप्तता. संस्थेची कलमं तिनंच लिहिली होती.

"काय झालं ते नीट सांग."

"मुकादम आला दारात, बंकट. चार मानसांदेखत म्हणला, तुझ्या पोटात डाव्या अंगाला गाठ हाय. फडात आडवी झालीस तर कोयता मोडंल माझा. पिशवी काढून ये, न्हाईतर गाडीत चढू नको."

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एक आजारी पडलं की दुसऱ्याचंही काम गेलं. यंदा गावात पाऊस नाही, टँकरवर दिवस चाललेले. गाडीत जागा नाही म्हणजे घरात चूल नाही.

"गाडी कधी?"

"परवा. अन् पिशवीचं उद्या, सकाळी अकराला. बीडच्या दवाखान्यात बंकटनंच नाव घातलं." छबुबाईनं पदर तोंडाला लावला. "सव्वीस वर्सांची हाय मी. एकच पोरगी हाय मला."

"रिपोर्ट तुझ्या हातात कधी आला?"

"कुठं आला? मलाच म्हायती नव्हतं गाठ हाय म्हणून! मुकादमाच्या तोंडून कळलं मला!"

कौशल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बाईच्या पोटातली गोष्ट बाईच्या आधी मुकादमाला कळते! आणि गुप्ततेच्या कलमांखाली सही आपली!

तिनं तिथल्या तिथं मोहनरावांना फोन लावला. आरोग्य संस्थेचे ते अध्यक्ष. कारखान्याला टोळ्या आणि ट्रक पुरवणाऱ्या सोसायटीचेही तेच अध्यक्ष.

"मोहनराव, एका बाईचा रिपोर्ट फुटलाय."

"अरारारा! हा त्या उत्तरेश्वरचा उद्योग. कॉम्प्युटर त्याच्याच ताब्यात. पोलिसात द्या त्याला, सही मी करतो. पण मॅडम, साठ बायांचं भलं झालंय. अकरा बायांपायी चांगल्या कामाला नावं ठेवू नका."

"मी येतेय. सगळ्यांना, बंकटलाही, संध्याकाळी थांबवून ठेवा."

संस्थेच्या कचेरीत दुपारी पंखा गरगरत होता आणि ऑपरेटर उत्तरेश्वर घामानं निथळत होता. चाळिशीचा, चष्मा नाकावर घसरलेला माणूस. शेजारी तपासणी करणारे डॉक्टर धर्मराज बसले होते.

"किती रिपोर्टांत दोष निघाला?" कौशल्यानं विचारलं.

"चौदा," डॉक्टर म्हणाले. "नावं देऊ?"

"नको. नावं मी बघायची नाहीत, असं मीच लिहिलंय. उघडले कुणी?"

"फक्त मी. ही नोंद बघा. माझ्याशिवाय या कॉम्प्युटरवर कुणी रिपोर्ट उघडलेला नाही."

"उत्तरेश्वर, तू?"

"न्हाई ओ मॅडम. मी नाव अन् नंबर भरतो. एकदा भरलं की मलाबी दिसत न्हाई. तुमीच तसं करायला लावलं."

खरं होतं. नोंद धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. मग माल गेला कुठून?

डॉक्टरांनी कौशल्यासोबत आलेल्या छबुबाईकडं पाहिलं. "तुझं सांगू का यांना?"

तिनं मान डोलावली.

"पाण्याची गाठ आहे, बारीक. तीन महिने गोळ्या, मग पुन्हा सोनोग्राफी. पिशवीला हात लावायचं कारणच नाही."

छबुबाई पुढं सरकली. "मग मला कावून न्हाई सांगितलं, डॉक्टर?"

"रिपोर्टात लिहिलंय की! सगळ्यांचे रिपोर्ट फोनवर पोचलेत, तशी नोंद आहे."

"पोचले म्हणं!" छबुबाई फणकारली.

कौशल्या उठली. "छबुबाई, टोळीतल्या बायका आत्ता कुठं भेटतील?"

"टँकर आलाय. तितंच की सगळ्या."

टँकरच्या रांगेत कौशल्यानं कुणालाच काही विचारलं नाही. विचारलं ते छबुबाईनं, आणि तेही आधी स्वतःचं सांगून. "मला बंकट असं म्हणला. आजून कुनाला म्हणला?" हंडे खाली ठेवले गेले. एकेक बाई पुढं आली. कुणाला अंगावरून जाण्याचा त्रास, कुणाच्या पिशवीला सूज. मोजता मोजता अकरा झाल्या. अकराच्या अकरा जणींना मुकादमानं गाडीतून काढलेलं, आणि एकीच्याही हातात रिपोर्ट नाही.

मग मंजुळाबाई बोलली. "मला तर रिपोर्ट आला. माझी गाठ छबूपेक्षा मोठी. पर मला कुनी काय म्हणलं न्हाई. बंकटनं गाडीत जागाबी ठिवलीय."

"रिपोर्ट कसा आला?"

"घाटनांदूरला भाऊ हाय, त्याच्या फोनवर. तपासणीच्या दिशी तो आकडा येतो ना, त्याच्यापायी दोनदा फोन करावा लागला त्याला. ह्या बाकीच्यांचं आपलं बरं. मुकादम दिवसभर खुर्ची टाकून बसला व्हता लिंबाखाली, समद्यांच्या सोयीला."

आणखी दोघींचं तसंच निघालं. दोष होता, पण जागा शाबूत. दोघींकडं स्वतःचा फोन होता.

"बंकट खुर्चीवर कधीपर्यंत होता?" कौशल्यानं विचारलं.

"शेवटची बाई होईस्तोवर."

"त्या माणसाला मी आता सोडत नाही," कौशल्या म्हणाली, आणि हंड्यांतून वाट काढत आपल्या गाडीकडं निघाली.

ऊन उतरायच्या आत कचेरीत सगळे जमले. मोहनराव कडक पांढऱ्या कपड्यांत, साळसूद चेहऱ्यानं. बंकट भिंतीला टेकून उभा. दाराशी शिरूर ठाण्याचे त्रिंबक जमादार. कौशल्यानं त्यांना येताना सोबतच घेतलं होतं.

"घ्या याचा जबाब," मोहनरावांनी उत्तरेश्वरकडं बोट केलं.

"आधी एक बघू. छबुबाई, तुझं खातं उघडायला सांगू का डॉक्टरांना, पेशंटच्या बाजूनं? तुझी परवानगी लागते."

"उघडा."

डॉक्टरांनी बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: रुग्णाच्या फोनवर ओटीपी पाठवला आहे.

टुंग, असा आवाज झाला. बंकटच्या खिशात.

बंकटचा हात आपोआप खिशावर गेला.

"काढ बाहेर," जमादार म्हणाले.

"हात नका लावू मला!" बंकट ओरडला. "योगायोग हाय!"

"योगायोग?" कौशल्याचा आवाज चढला. "मंजुळाबाईचं खातं उघडू? ते वाजणार नाही. तिनं भावाचा नंबर दिला. म्हणूनच तिच्याबद्दल तुला कळलं नाही. दोष चौदा जणींत निघाला. काढल्यास अकरा, कारण त्या चौदांतल्या अकराच जणींचा फोन म्हणून तुझा नंबर लिहिलाय! बाईकडं फोन नाही, नवऱ्याच्या फोनात रिचार्ज नाही. मग कुणाचा नंबर? मुकादमाचा. सगळी टोळी सगळ्या कामाला तुझाच नंबर देते, रेशनला, शाळेला. त्यांना त्यात वावगं वाटलंच नाही. तू खुर्ची टाकून बसलास आणि एकेकीचा आकडा सांगत गेलास. त्यांची संमतीसुद्धा तूच दिलीस, बे! बाजारात बैलाचे दात बघतात तशा बायका तपासून घेतल्यास!"

"मी चौथी शिकलेला मानूस, मला इंग्रजी रिपोर्ट वाचता येतोय का?"

"नाही येत. मी त्याचसाठी थांबलेय. वाचून कुणी दिला? नीट विचार करून सांग. ओटीपी तुझ्या फोनवरून गेलेत. दुसऱ्या कुणाचं नाव आलं नाही तर अकराही गुन्हे तुझ्या एकट्याच्या माथी."

बंकटनं मोहनरावांकडं पाहिलं. मोहनरावांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. तिथंच बंकट फुटला.

"मालक, आता मूग गिळून बसू नका! मी कावून एकट्यानं मरू? तुमीच म्हणला, रिपोर्ट आला की मला पाठव. तुमीच वाचून मला हे लिहून धाडलं. हे बघा जमादार!" त्यानं फोन पुढं धरला. खाली अकरा नावं, प्रत्येकीपुढं आजार, आणि वर एक ओळ: ह्या अकरा घेऊ नको, किंवा पिशवी काढून आण.

"उत्तरेश्वर, मुकादमाचा नंबर भरायला कुणी सांगितलं?"

उत्तरेश्वरनं चष्मा काढला. "अध्यक्षांनी. तपासणीच्या आदल्या दिशी. नोकरी जाईल म्हणून बोललो न्हाई, मॅडम."

"आणि मोहनराव, सकाळी मी तुम्हाला एका बाईचं सांगितलं. तुम्ही म्हणालात अकरा. डॉक्टरांच्या नोंदीत चौदा आहेत. अकरा हा आकडा फक्त ह्या फोनात होता."

मोहनराव शांतपणे हसले. "वकीलबाई, फोन नसेल तर विश्वासातल्या माणसाचा नंबर चालेल, हे कलम कुणाचं? आम्ही तुमच्याच कलमानं चाललो."

हे खोलवर लागलं. लागायलाच हवं होतं. बीडला टेबलावर बसून लिहिताना, या बायकांचा विश्वासातला माणूस म्हणजे कोण, असं तिनं एकीलाही विचारलं नव्हतं.

"माझंच," ती म्हणाली. "माझ्या जबाबात पहिली ओळ तीच आहे. दुसरी तुमची. जमादार, यांना घेऊन चला. फोन जप्त करा, त्यातलं एक अक्षर पुसलं जाता कामा नये."

बंकटला नेण्याआधी तिनं त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं, की अकराही कोयते परवाच्या गाडीत जातील. बंकट आत असला तरी गाडी त्याचा भाऊ नेणार होता. कारखान्याला माणसं हवीच होती. तरी कागद तो कागदच, हे तिला कळत होतं.

ती छबुबाईसमोर आली. "मी तुझी गुन्हेगार आहे. माफी मागते."

"माफीचं नंतर बगू," छबुबाई म्हणाली. "आधी त्या दवाखान्याला फोन लावून द्या."

कौशल्यानं नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. पलीकडून बाईचा आवाज आला.

"उद्या अकराचं हाय ना, छबुबाई धोंडीराम. ते काढून टाका. मी येत न्हाई."

"का? काय झालं? त्रास काय आहे तुम्हाला, आजार कोणता लिहिलाय?"

छबुबाईनं पदर खोचला.

"नाव सांगितलं ना तुला," ती म्हणाली. "बाकीचं माझं मला म्हायती. तुला कशाला पायजे?"