फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न

दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपाच्या वर कागद चिकटवलेला — डॉक्टरबाई बाळंतपणाच्या रजेवर, तीन महिन्यांनी भेटा. तिने तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचून त्यात काही बदलणार नव्हतं, पण आठ तास कानाला हेडफोन लावून बसल्यावर माणसाचं डोकं असंच चालतं... म्हणजे चालतच नाही.

वॉशिंग मशीनच्या कंपनीत, तक्रारींच्या फोनवर तिची नोकरी. कुणाचं मशीन गळतंय, कुणाचं फिरत नाही, कुणाच्या मशीनचं दार उघडत नाही आणि लग्नाला घालायचा एकुलता एक शर्ट आत अडकलाय. लोक ओरडायचे आणि ती म्हणायची, तुमची अडचण समजते, क्षमस्व. दिवसाला साठ तक्रारी, साठ वेळा क्षमस्व. ऑफिसात तर सगळ्यांनी तिचं नावच 'क्षमस्व' पाडून ठेवलं होतं. घरी गेलं की आईच्या गुडघ्याची कर्मकहाणी होतीच. बिचारीचा गुडघा खरंच दुखायचा, खोटं कशाला बोला. पण 'तुला काय होतंय गं?' असं तिला कुणी कित्येक दिवसांत विचारलं नव्हतं. कुणी विचारलंच, तर उत्तर ऐकायला थांबलं नव्हतं.

रविवारी गोळ्यांचं नवं पाकीट सुरू करायचं होतं आणि घरात एकही गोळी शिल्लक नव्हती. कसल्या गोळ्या म्हणाल, तर मूल न होण्याच्या. त्याची हकिगत पुढे येईलच. पण त्या गोळ्यांमुळे तिची पाळी वेळेवर यायची आणि सुसह्य व्हायची, हेही तितकंच खरं. त्याआधी दर महिन्याला दोन दिवस ती पोटाशी पाय घेऊन नुसती पडून असायची. आता ऑफिसात रजा मिळायची नाही, म्हणजे ते दोन दिवस हेडफोन लावून कण्हायचं आणि वर क्षमस्व म्हणायचं. विचारानेच तिच्या पोटात कळ आली.

शेजारी मेडिकल होतं, तिथे ती शिरली. काउंटरमागे पांढऱ्या कोटातला एक माणूस, पस्तिशीच्या आतबाहेरचा, भलीमोठी जांभई देत उभा होता. तिला बघून त्याने घाईघाईने तोंडावर हात धरला.

"माफ करा हं," तो म्हणाला.

"तुमची अडचण समजते," ती सवयीने बोलून गेली.

तो हसला. अगदी मनापासून, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतील असं. तिलाही कसंसंच झालं आणि मग तिने खाली बघत, हळू आवाजात गोळ्यांचं नाव सांगितलं. आता हा इकडेतिकडे बघणार, कागदात गुंडाळून चोरीचा माल दिल्यासारखं पुढे सरकवणार, असं तिला वाटलं होतं. पण त्याने चष्मा नीट केला, जुनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "आत या. बसून बोलू."

औषधांच्या कपाटांमागे पडदा लावलेला एक कोपरा होता. दोन खुर्च्या, वजनाचा काटा, बीपीचं मशीन. चिठ्ठीची मुदत संपली होती, पण डॉक्टर रजेवर असेपर्यंत दुकानातून एका वेळी एक पाकीट देता यायचं, अशी तीन पाकिटं. अट एकच, दर वेळी बीपी मोजायचं आणि फॉर्मवरचे आठ प्रश्न विचारायचे.

त्याने विचारायला सुरुवात केली. सिगारेट ओढता का, पायाला सूज येते का, घरात कुणाला रक्ताच्या गाठींचा त्रास आहे का. प्रश्न साधेच, पण गंमत अशी की प्रत्येक प्रश्नानंतर तो पेन खाली ठेवून थांबायचा. ती बोलेपर्यंत थांबायचा. डोकं दुखतं का, म्हटल्यावर ती रोज दुखतं म्हणाली, तर त्याने कुठे आणि कसं तेही विचारलं. आणि बघता बघता ती सांगत सुटली — उजव्या कानामागून सुरू होतं, जिथे हेडफोन दाबतो तिथून, आणि दुपारी तीनच्या सुमाराला कपाळापर्यंत येतं, डोळ्यांपुढे काही चमकत वगैरे नाही, नुसतं ठणकत राहतं.

तो जरा विचारात पडला. "ही अर्धशिशी नाही," तो म्हणाला, "हे लोक आहेत."

किती दिवसांनी ती हसली होती कोण जाणे.

बीपी निघालं एकशे वीस. शेवटचा, आठवा प्रश्न छापलेलाच होता — आणखी काही सांगायचंय? ती नाही म्हणाली, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिने हेडफोन डाव्या कानाला लावला. का कुणास ठाऊक, तीन वाजता दुखलं नाही.

दुसऱ्या महिन्यात मात्र तिने निघताना ऑफिसच्या आरशात केस सारखे केले. मेडिकलमध्ये जायला कुणी केस विंचरतं का? शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने भुवया उडवल्या, तिने ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं... म्हणजे बघितल्या न बघितल्यासारखं.

तोही त्या दिवशी आंबून गेला होता. सकाळपासून उभा होता, काउंटरखाली त्याच्या चपलांचे दोन जोड होते, एक सकाळचा आणि एक पाय सुजल्यावरचा. ती कुठे काम करते हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याचंही मशीन त्याच कंपनीचं होतं.

"ते चालतं हो," तो म्हणाला.

"मग तक्रार काय?"

"अहो, चालत चालत दारापर्यंत येतं. मी परत ढकलतो. रविवारचा व्यायाम आहे तो माझा."

पुढच्या डाव्या पायाचा स्क्रू फिरवा, असं तिने अगदी कामाच्या आवाजात सांगितलं. त्याने फॉर्मच्या कोपऱ्यात लिहून घेतलं — पुढचा, डावा. मग त्याने तिची बाही वर सरकवली, पट्टा गुंडाळला, त्याची बोटं जेमतेम क्षणभर दंडाला लागली आणि ती उगाच भिंतीवरच्या खोकल्याच्या जाहिरातीकडे बघत बसली. बीपी एकशे बत्तीस.

"जिना चढून आलात का?" त्याने काळजीने विचारलं.

"तुमच्या दुकानाला जिना कुठे आहे?"

"तेही खरंच..."

आठव्या प्रश्नाला तो जरा जास्तच रेंगाळला. तिला कळत होतं काय अडलंय ते. असल्या गोळ्या घेणाऱ्या बाईला कुणीतरी असणारच, असं कुणीही धरून चालेल. आणि होता की एक. दोन वर्षं होता. मग दुसऱ्या गावी नोकरी लागली, फोन आठवड्यावर आले, आठवड्याचे महिन्यावर, आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण वाट बघायचं सोडून दिलंय. तो गेला आणि त्याच्यासाठी सुरू केलेल्या गोळ्या तेवढ्या राहिल्या, पाळीच्या दुखण्यापायी. कुणी नाहीये हो, असं सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण न विचारता सांगणार कसं? आणि त्याने विचारावं तर फॉर्मवर तसा प्रश्नच नव्हता. ती "नाही" म्हणाली. त्याने "नाही" लिहिलं.

तिसरा महिना आला तो सगळा शीण घेऊनच. आईचा गुडघा पुन्हा सुजलेला, ऑफिसात दोघी नोकरी सोडून गेलेल्या आणि त्यांचे फोन हिच्या कानावर. त्यात हे शेवटचं पाकीट. पुढच्या महिन्यात डॉक्टरबाई येणार, म्हणजे चिठ्ठी तिथूनच मिळणार, म्हणजे आठ प्रश्न नाहीत, पडदा नाही, पेन खाली ठेवून थांबणारा माणूस नाही. महिन्यातली ती पंधरा मिनिटं गेली तर आपल्याकडे उरतं काय, असा विचार करतच ती त्या खुर्चीत बसली.

मशीन वाजलं. एकशे अठ्ठेचाळीस.

तो दचकला. दहा मिनिटं शांत बसा म्हणाला आणि दहा मिनिटं समोर उभा राहिला, त्याने काय शांत वाटणार होतं? एकशे शेहेचाळीस. दुसरा हात घेतला, तर एकशे पन्नास.

"एकशे चाळीसच्या वर या गोळ्या देता येत नाहीत," तो म्हणाला. "नियम म्हणून नाही... खरंच धोका असतो."

"मग मी काय करू?" ती म्हणाली, आणि नेमकं तेव्हाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साठ जणांची बोलणी मुकाट्याने खाल्ल्यावर शेवटी एका आकड्याने तिला रडवलं.

त्याने आतून दुकानाच्या मोठ्या बाईंना हाक मारली. साठीच्या बाई, गळ्यात चष्म्याची साखळी, चाळीस वर्षं याच धंद्यात. त्यांनी एकदा आकडे बघितले, एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे, आणि त्याला काउंटरवर पिटाळलं, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून. मग त्या खुर्ची ओढून बसल्या. तुझी आई काय करते, घरी लांब जायचं असतं का, असं काहीबाही विचारत त्यांनी पट्टा बांधला. एकशे अठरा. पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं, एकशे सोळा.

पडद्याच्या फटीतून तो दिसत होता. खोकल्याच्या गिऱ्हाइकाला त्याने बँडेज काढून दिलं होतं आणि गिऱ्हाईक ते उलटंपालटं करून बघत होतं.

"बीपी उत्तम आहे तुझं," मोठ्या बाई म्हणाल्या, काही हळू आवाजात नव्हे. "समोर कोण उभं आहे एवढाच काय तो प्रश्न. तरी आठ दिवसांनी एकदा मोजून जा."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवायला जागा असती तर ती वजनाच्या काट्याखालीही शिरली असती. तेवढ्यात पडदा सरकला. तो आत आला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला, आणि तिच्याकडे न बघताच बोलला.

"बाई, यापुढे यांचा फॉर्म तुम्हीच भरा. मी नाही भरणार."

संपलं. तिने पाकीट घेतलं, सवयीने "क्षमस्व" म्हटलं आणि बाहेर पडली.

बसस्टॉपवर बाक होता. बस आली, दार उघडलं आणि तिचे पाय काही उठले नाहीत. बस गेली. आपण रडतोय की नुसतेच दमलोय हेही तिला धड कळत नव्हतं. आपलं गुपित आपल्याच दंडाने असं चारचौघांत फोडावं आणि त्या माणसाने लगेच हात झटकून मोकळं व्हावं...

कुणीतरी हातभर अंतर सोडून बाकावर बसलं. धापा टाकत होतं. कोट नव्हता, शर्टाची कॉलर चुरगळलेली, पायांत सुजल्यावरच्या चपला.

"रागावलात?" त्याने विचारलं.

"नाही. माझी काही तक्रार नाही."

"माझी आहे." तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. "कोट घालून तुमच्या हाताला पट्टा बांधायचा, तुमची दुखणी विचारायची, आणि मनात भलतंच काहीतरी घेऊन बसायचं... हे बरं नाही. म्हणून मी फॉर्म सोडला. तुम्हाला नाही."

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"तुम्ही गेल्यावर मोठ्या बाईंनी माझंही बीपी घेतलं," तो म्हणाला.

"किती निघालं?"

"मला त्या गोळ्या मिळाल्या नसत्या, इतकं."

ती हसली. हसता हसता तिने डोळे पुसले. बाकाखाली वाऱ्याने कुणाचं तरी तिकीट सरकत होतं.

"बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. विसरल्या त्या."

"मग मी विचारू? फॉर्मसाठी नाही हे. नाही सांगितलंत तरी चालेल." तो थांबला. "आणखी काही सांगायचंय?"

"कुणी नाहीये," ती म्हणाली. "होता, तो दोन वर्षांपूर्वी गेला. गोळ्या घेते ते दुखतं म्हणून. आणि..." तिचा आवाज चिरकला. "आणि मी फार दमलेय हो."

त्याने धीर दिला नाही, उपाय सांगितला नाही. तो नुसता थांबला. मग ती सांगत गेली, हेडफोनचं, आईच्या गुडघ्याचं, फोन ठेवल्यावरही कानात राहणाऱ्या ओरडण्याचं, आणि महिनाभर पंधरा मिनिटांची वाट बघण्याचं. तेही सांगून टाकलं. दुसरी बस आली, ड्रायव्हरने दोघांकडे बघितलं, दार उघडलं आणि लावून घेतलं.

"आणि तुम्हाला?" शेवटी तिने विचारलं.

"मला काय?"

"तुम्हाला काही सांगायचंय?"

तो गोंधळला. इतकी वर्षं रोज हा प्रश्न विचारतोय, म्हणाला, पण मला कधी कुणी विचारला नाही. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग त्याचा हात बाकावरून सरकत येऊन तिच्या हाताशी थांबला आणि तिने तो धरला.

"खूप आहे," तो म्हणाला. "तुमची बस जाईल."

"जाऊ दे."

तो अडखळत, पायांच्या सुजेपासून सांगायला लागला. त्या दिवसाची ही तिची एकसष्टावी तक्रार. तिने क्षमस्व म्हटलं नाही, ती ऐकत राहिली.