झाकून ठेवलेलं ताट

नलूच्या पत्राला विश्रामकाकांनी उत्तर दिलं नव्हतं.

दिवाळीनंतर आलेलं पत्र. उशीखालीच होतं. आता थंडीही सरत आली होती.

पुढे जे घडलं ते खरं आहे. विश्रामकाकांनी पालघरच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात जन्म काढला. त्यांना साधी थाप मारता येत नाही. सांगतानाही प्रत्येक वाक्यामागे, "निदान मला तरी तसं वाटलं," असं म्हणतात. आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारच्या सकाळची आहे. लख्ख उन्हातली, शिरगावच्या आभाळातली.

नलू म्हणजे त्यांची मेहुणी, शिरगावला राहणारी. तिला ऐकू कमी येतं, म्हणून फोन नाही, पत्र. तिनं एवढंच विचारलं होतं :

"दाजी, ताईचं घर बंद पडून वाळवी लागली. वाडीवरची जिवल्या-जिवली पावसाआधी त्यात राहायला मागतात. त्यांची झोपडी गळते. किल्ली देऊ काय? हो नायतर नाय, कायतरी लिवा."

हो लिहावं, तर आपली गेलेली बायको, प्रेमला, आता परत येणार नाही हे स्वतःच्या हातानं लिहिल्यासारखं. नाही लिहावं, तर जिवल्याची पोरं पुन्हा पावसात भिजणार. काका रोज कागद पुढे घ्यायचे. थकायचे. ठेवून द्यायचे.

त्या रविवारी पुतण्या प्रीतम त्यांना हट्टानं घेऊन गेला. प्रीतमला विमान चालवायचा नाद. रीतसर परवाना काढलेला. सुट्टीच्या दिवशी जुहूहून छोटं विमान भाड्यानं घ्यायचा, किनाऱ्यानं एक चक्कर मारून परत यायचा.

"बसा हो काका. नुसतं पुस्तकात किती उडाल?"

"मला मळमळेल रे."

"पिशवी आहे ना! आणि काकूची वाडी वरून दाखवतो."

वाडीचं नाव निघालं, आणि काका मुकाट्यानं बसले.

वसई मागे पडली. डाव्या हाताला, समुद्रावर, विमानाची इवलीशी सावली पळत होती.

"ती बघा आपली सोबतीण," प्रीतम म्हणाला.

शिरगाव आलं. चिकूच्या वाडीत कौलारू घर. अंगण ओस. कौलांवर काही नाही.

काकांचं लक्ष कौलांकडेच गेलं, त्याला कारण होतं. मजूर वाडीत लांब असायचे, हाक पोचायची नाही. म्हणून प्रेमला जेवण तयार झालं की चिकू उतरवायच्या काठीला लाल कापड बांधायची आणि काठी कौलांच्या वर उभी करायची. सगळे परतायचे. काका मात्र झाडाखाली पुस्तकात. मग त्यांचं ताट ती दुसऱ्या ताटानं झाकून ठेवायची.

ते येईपर्यंत स्वतः जेवायची नाही. कापडही उतरवायची नाही.

पुढे तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बाजूला उडायला मनाई. प्रीतमनं दांडी गावाच्या बरंच अलीकडे विमान वळवलं आणि परतीला जमिनीवरून घेतलं. आता घर आणि सावली, दोन्ही काकांच्या खिडकीत आली.

"काका, काकूच्या घरात कोण राहतं?"

"कुणी नाही."

"मग ते लाल काय आहे?"

काकांनी खाली पाहिलं.

कौलांवर... लाल कापड फडफडत होतं.

आजूबाजूच्या नारळांची झावळी मात्र हलत नव्हती.

विमानाची सावली वाडीवरून धावत आली. चिकूंवरून. विहिरीवरून. घराच्या कौलांवर चढली...

आणि पलीकडे उतरलीच नाही.

काकांनी मान वळवून वळवून शोधलं. पलीकडची वाळू स्वच्छ, उजळ. सावली कुठेच नव्हती.

आणि मग कानांवरच्या हेडफोनमध्ये, इंजिनाच्या घरघरीच्याही आत, आवाज झाला...

ठण्ण.

ताटावर ताट पालथं घातल्याचा.

"काय पाडलंत काका?"

काकांचे दोन्ही हात मांडीवर होते.

वसईची खाडी आली तेव्हा कुठे सावली पुन्हा दिसली. खाली उतरल्यावर प्रीतम म्हणाला, "गाडी काढतो. शिरगावला जाऊन येऊ."

पोचले तेव्हा ऊन कललं होतं. नलू आपल्या ओट्यावर जिवलीबरोबर चिकू निवडत बसली होती.

"पत्राला पाय फुटले काय? उत्तर नाय, दाजी स्वतःच आले!"

प्रीतमनं मोठ्यानं विचारलं, "मावशी, सकाळी कौलांवर कापड कुणी लावलं?"

"कोण लावंल? किल्ली माज्या कमरेला हाय."

"आमी नाय गेलो," जिवली घाईनं म्हणाली. "मालकानं हो म्हटल्याबिगर आमी उंबऱ्याला पाय नाय लावत."

नलूनं ताईच्या घराचं कुलूप काढलं. दारावरची कोळिष्टकं तुटली. जमिनीवर धूळ, तिच्यावर एकही पाऊल नाही. काठी कोपऱ्यात उभी होती. उघडी, कापडाशिवाय.

स्वयंपाकघरात जमिनीवर एक ताट होतं. दुसऱ्या ताटानं झाकलेलं.

"मी तर मांडणीवर ठेवलेली ही," नलू पुटपुटली.

काकांनी वरचं ताट उचललं. खालचं रिकामं होतं.

पण त्याला हात लागला, आणि...

ते कोमट होतं.

प्रीतमनंही बोट टेकवलं, आणि झटकन मागे घेतलं.

जिवली दारातूनच हळू म्हणाली, "बाय अजून जेवली नाय वाटतं."

काका तिथेच, भिंतीला टेकून बसले. नलूनं भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी आणली. काका त्याच ताटात जेवले, शेवटचा तुकडा संपेपर्यंत. घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता.

परतताना प्रीतम म्हणाला, रेडिओत बिघाड असेल. काका म्हणाले, "असेल. मी थकलेला माणूस, माझं काय खरं." पण त्यानंतर प्रीतमनं विमान कधी उत्तरेकडे नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कागद घेतला. या वेळी ठेवून दिला नाही.

"नलू, किल्ली जिवलीला दे. तिला सांग, दुपारी वेळेवर जेवून घे. कुणासाठी थांबू नकोस."

घराजवळ, कोळगावच्या रस्त्याला पोस्टाची लाल पेटी आहे. काकांनी पत्र आत सोडलं. हलकासा कागद. आवाज यायला नको होता.

काका वळले. दोन पावलं चालले...

मागे, पेटीच्या आतून, तोच ताटांचा आवाज आला.

ठण्ण.