इस्त्रीच्या नोटा

लेकीने पत्र्याचा डबा जेवणाच्या टेबलावर पालथा केला आणि नोटांचे दोन ढीग लावले. एका ढिगात दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टाकलेल्या, चुरगळलेल्या, घडीवर घडी पडलेल्या नोटा. आणि दुसऱ्यात अशा सपाट, अशा कडक, की पत्त्यांचा नवा जोड वाटावा. त्या दुसऱ्या ढिगाकडे नजर गेली मात्र, ओट्यापाशी उभ्या असलेल्या तिच्या सावत्र आईने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"या तुम्ही टाकल्यात ना डब्यात?" लेकीने विचारलं.

तुम्ही! आईला कुणी तुम्ही म्हणतं का? पण पोरगी सात वर्षांची असताना घरात आलेल्या या बाईला ती पहिल्या दिवशी तुम्ही म्हणाली, आणि बारा वर्षं झाली तरी ते तुम्ही जड कपाटासारखं जागचं हललं नव्हतं.

डबा होता मफलरसाठी. मफलर म्हणजे बोका. लेकीच्या आईने त्याला एवढंसं पिल्लू असताना गळ्यातल्या मफलरमध्ये गुंडाळून घरी आणलं, म्हणून त्याचं नाव मफलर. पुढे ती माउली गेली, बोका राहिला. आता चौदा वर्षांच्या त्या जिवाच्या पोटात गाठ झाली होती. ऑपरेशनचा खर्च ऐकून बस चालवणाऱ्या वडिलांनी कपाळाला हात लावला, तेव्हा लेकीने मफलरचा फोटो चिकटवलेला डबा कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात ठेवला. दोन महिन्यांत तो कसाबसा भरला होता. प्राण्यांच्या डॉक्टरांनी आता निर्वाणीचं सांगितलं होतं, की शनिवारपर्यंत आणलात तर बघू, पुढे माझ्या हातात काही नाही. आणि आज होता शुक्रवार.

"इस्त्रीच्या नोटा आहेत या," लेक म्हणाली. "लाँड्रीत लोकांच्या खिशातून निघतात तशा."

सावत्र आई लाँड्रीत इस्त्री करायची. गिऱ्हाइकाच्या खिशात राहून भिजलेली नोट फडक्याखाली इस्त्रीने वाळवायची आणि कपड्याचा नंबर घातलेल्या पाकिटात जपून ठेवायची, अशी तिथली शिस्त. वीस वर्षांत हाताला इतकी सवय झाली होती, की स्वतःच्या मजुरीची नोटही इस्त्रीखालून गेल्याशिवाय तिच्या पर्समध्ये जात नसे. औषधवाल्याला तिने चारचारदा बजावलं होतं, माझं नाव घेऊ नका म्हणून... पण स्वतःच्या हातांना बजावायचं राहून गेलं.

"माझ्या मांजरासाठी चोरी केलीत? तुम्ही? ज्यांना तो डोळ्यांसमोर नको असतो?"

"अगं, खरं काय ते सांगून टाक की," वडील चहाच्या कपात बघत म्हणाले. या माणसाने जन्मात कधी कुणाची बाजू घेतली नव्हती.

एक वाक्य पुरलं असतं. रविवारी रुग्णालयाच्या चादरींना इस्त्री करून मिळवलेत, माझ्या घामाचे आहेत... वाक्य ओठांवर आलंसुद्धा. पण माझे म्हटलं तर ही पोरगी ते घेणार नाही, या भयाने ती थबकली. आणि खरं सांगायचं तर नुसतं भय नव्हतं ते. वीस वर्षांत तिने लाँड्रीतलं एक नाणं इकडचं तिकडे केलं नव्हतं, आणि घरच्याच माणसाने तिला चोर म्हणावं? तिच्या व्यथित अंतःकरणात कुठेतरी कडी लागली.

"काय समजायचं ते समज," ती म्हणाली आणि भांडी विसळायला वळली.

लेक त्या नोटा उचलून तशीच तडक लाँड्रीत गेली. मालक परगावी होते. गल्ल्यावरच्या कारकुनाने नोटा कुलपात ठेवल्या आणि निरोप पाठवला, की मालक मंगळवारी येईपर्यंत बाईंनी घरीच थांबावं.

शनिवार आला. डब्यातल्या उरलेल्या नोटांत अर्धा खर्चही भागत नव्हता. संध्याकाळी ती लेकीच्या दारापर्यंत गेली. आत लेक बोक्याशी हळू आवाजात बोलत होती. दारावर टकटक करायला उचललेला हात तिने खाली घेतला. हिने एकदा तरी विचारावं, नीट विचारावं, एवढंच तिच्या मनात होतं... आणि ती परत फिरली. त्या परत फिरण्याला तिने पुढे जन्मभर क्षमा केली नाही.

मंगळवारी मालक स्वतः घरी आले, हातात पाकीट घेऊन.

"बाई, नंबरांची वही दोनदा तपासली. एकाही गिऱ्हाइकाची दमडी गेलेली नाही. अहो, हे तुमचे रविवारचे पैसे. मीच दिलेत की माझ्या हाताने."

लेक दारातच उभी होती. तिने त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं, बोक्याला टोपलीत घातलं आणि धावत सुटली. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि चष्मा काढला. गाठ आतल्या आत फुटली होती. तीन दिवस आधी आणायला हवं होतं, ते म्हणाले.

बुधवारी दुपारी मफलरने लेकीच्या मांडीवर प्राण सोडला.

सावत्र आईने बोक्याच्या टोपलीच्या तळातून तो जुना मफलर काढला, पाणी शिंपडलं आणि इस्त्री तापत ठेवली. दुसरं काय करावं ते तिला सुचेना. पाठीमागे पावलं वाजली.

"का नाही बोललीस गं?" लेकीचा आवाज पार फाटला होता. "मी चोर म्हटलं तुला. ऐकून घेतलंस... एकदा तरी बोलायचंस."

तू. बारा वर्षं या एका अक्षराची तिने वाट पाहिली होती. आजारपणात ऐकू येईल, लग्नात निरोप घेताना ऐकू येईल, असे किती मनोरे रचले होते. ते आज आलं, आणि पलीकडच्या खोलीत बोका थंड पडलेला असताना तिचं मन क्षणभर आनंदाने उचंबळलं, याचीच तिला विलक्षण लाज वाटली.

"माझा ताठा नडला," ती म्हणाली. "एकच वाक्य होतं गं. तेवढं बोलले असते तर तो..." मफलरला चिकटलेले केस उडाले आणि तिला शिंका सुरू झाल्या, एकामागून एक.

लेक बघत राहिली. "तू सांगायचीस तसं हे लाँड्रीतल्या वाफेने होत नाही, ना?"

तिने मान हलवली. "मांजराच्या केसांनी होतं. गोळी घेते मी."

"कधीपासून?"

"तू सात वर्षांची होतीस. पहिल्याच आठवड्यात श्वास कोंडला म्हणून मी त्याला बाहेर ठेवलं, तर तू त्याला पोटाशी धरून अंधार पडेपर्यंत जिन्यात बसलीस. खरं सांगितलं असतं तर तुझ्या बाबांनी दुसऱ्या दिवशी त्याला कुणाला तरी देऊन टाकलं असतं. तुझ्या आईची तेवढीच तर आठवण होती."

लेक मटकन खाली बसली आणि तिच्या गुडघ्यांना मिठी मारून लहान पोरीसारखी रडली. इस्त्री तापून तशीच राहिली. कितीतरी वेळाने तिने एक हात लेकीच्या केसांवरून फिरवत दुसऱ्या हाताने मफलर सरळ करायला घेतला, तसं लेकीने तिचं मनगट धरलं.

"इस्त्री राहू दे, आई. त्याला चुरगळलेलाच आवडायचा."

तिने बटण बंद केलं. मफलर अर्धाच सरळ झाला होता. दोघींनी मिळून तो पुन्हा हातांनी चुरगळला.